हळदीच्या भावाखालची कोरी जागा

सांगली,
रविवार, २७ मार्च १९७७

चि. अंजना हिस,
आबाचे अनेक आशीर्वाद आणि सप्रेम जयभीम.

इकडे सर्व खुशाल, तुझी खुशाली कळवावी, असे लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिले. तू कळवणार नाहीस हे मला ठाऊक आहे. एकवीस महिन्यांत साताऱ्याहून तुझी तीन पत्रे आली. तिन्ही तुझ्या आईच्या नावाने, आणि तिला वाचता येत नाही म्हणून वाचून दाखवली मीच. माझे नाव त्यात कुठे नव्हते. शेवटी "आबांना नमस्कार" एवढे मी पदरचे घालत होतो. तुझ्या आईने दोनदा ऐकून घेतले. तिसऱ्या वेळी म्हणाली, "आवं, तिनं लिवलंय त्येवडंच वाचा."

तिचा गुडघा उन्हाळ्यात बरा असतो, तसा आता आहे. माण तालुक्यातून बिराप्पा येऊन गेला. आपल्या गावाकडे पाणी आटले म्हणून मेंढरे घेऊन यंदा लवकर कृष्णाकाठाला उतरलाय. दोन पायली बाजरी ओट्यावर ठेवली आणि पहिला प्रश्न केला, "पोरगी कवा येती?" मी म्हणालो, वसतिगृहाला सुट्टी लागली की. मेंढरामागे हिंडणाऱ्या माणसाशी खोटे बोलू नये, त्याला माग काढायची सवय असते.  बिराप्पा चहा पिऊन, तुझ्या आईकडे बघून निघून गेला.

छापखान्यात आता मोकळे वाटते. आणीबाणी उठली तशी तपासणीला येणाऱ्या साहेबांची खुर्ची रिकामी झाली. तिच्यावर आपला गुंडा मशीनमन पाय वर घेऊन डबा खातो. तुझ्या टेबलावर मात्र नानासो गुरुजी बसतात. प्राथमिक शाळेतून रिटायर झालेले सज्जन गृहस्थ आहेत, पण प्रूफ वाचता वाचता डुलकी घेतात आणि जाग आली की सही करतात. तुझी लाल पेन्सिल मी त्यांना दिली नाही. माझ्या कपाटात आहे, टोक करून ठेवली आहे.

एक लबाडी सांगतो. रोज संध्याकाळी सहाच्या एस.टी.ने आपल्या पेपराचा साताऱ्याचा गठ्ठा जातो ना, त्यातला सगळ्यात वरचा अंक मी स्वतः घडी घालून ठेवतो. आणि गेले वर्षभर दुसऱ्या पानावर एक चूक मुद्दाम सोडतो. कधी उलटा खिळा, कधी तालुक्याचे नाव चुकीचे. वाटायचे, तुझ्या हातात अंक पडेल, तुझे टाळके फिरेल आणि तू रागाने एक पोस्टकार्ड टाकशील. बावीस वर्षे खिळे जुळवणारा माणूस अशी कामे करतो म्हटल्यावर त्याचे काय झाले असेल ते तू ओळख. पोस्टकार्ड आले नाही. मेढ्याच्या एका मास्तरांचे मात्र आले, चांगले शिव्या घातलेले.

आता टांग्याची गोष्ट काढतो. तुला पाठ आहे, पण पुन्हा ऐक.

लहानपणी झोपताना तू म्हणायचीस, "आबा, टांग्याच्या पेपराची गोष्ट सांगा." कोरियातल्या त्या दैनिकाचे नाव तोंगा, तुझ्या तोंडी त्याचा टांगा झाला आणि आपल्या घरात तोच राहिला. मी त्रेपन्न साली पलटणीबरोबर तिकडे गेलो. लढाई थांबली होती आणि मायदेशी परत जायचे नाही म्हणणाऱ्या कैद्यांवर आम्ही पहारा देत होतो. थंडी अशी की चहा पेल्यात ओतेपर्यंत निवायचा. तारेच्या पलीकडे हान नावाचा एक कैदी होता. मूळचा सोलमध्ये त्याच पेपराच्या छापखान्यात खिळे जुळवणारा, लढाईत ओढून नेलेला. अर्धे मोडके इंग्रजी आणि अर्ध्या खुणा, एवढ्यावर आमची दोस्ती झाली.

त्यानेच सांगितले. त्यांच्या देशावर जपानचे राज्य होते तेव्हा १९२० साली ते दैनिक निघाले. जमीनदारांच्या पैशावर उभे राहिलेले, जुन्या वळणाचे, पोरासोरांच्या क्रांतीला नाके मुरडणारे. पुढे छत्तीस साली त्यांच्या एका गड्याने मोठ्या ऑलिंपिकात मॅरेथॉन जिंकली, पण छातीवर जपानचा सूर्य लावून. त्या दैनिकाने त्याचा फोटो छापला आणि छातीवरचा तेवढा सूर्य पुसून टाकला. पोलीस आले, माणसे धरून नेली, पेपर कित्येक महिने बंद. चाळीस साली तर कायमचेच टाळे ठोकले. पंचेचाळिसात जपान हरला, त्या हिवाळ्यात पेपर पुन्हा उभा राहिला. हानने पत्र्याच्या ताटलीवर खिळ्याने माणूस काढला, छातीवर गोल काढला आणि अंगठ्याने घासून दाखवला.

तू दर वेळी विचारायचीस, "सूर्य कुणी पुसला आबा? हाननं?" आणि मी म्हणायचो, "व्हय, हाननंच." तू खूश होऊन झोपायचीस.

तो हानने पुसला नव्हता, अंजना. त्या दिवशी पोलिसांच्या गाडीचा आवाज आला तसा तो मागच्या दाराने पळाला आणि मावशीच्या घरी तीन दिवस कोठीत दडून बसला. तेव्हा सतरा वर्षांचा होता. सतरा वर्षे झाली तरी सांगताना त्याने तोंड फिरवून घेतले. मला त्याचा राग आला नव्हता, दयाच आली. पण लेकीला पळालेल्या माणसाची गोष्ट कशी सांगायची? म्हणून मी त्याला शूर करून टाकला. जाताना तू दारात म्हणालीस ना, "आबा, तुमच्या कोरियाच्या गोष्टी खोट्या," तेव्हा मला वाटले तुला कुणीतरी सांगितले. पण सांगणार कोण? तू आपली रागाने म्हणालीस आणि बरोबर जागी बसले.

तुझी आई हाक मारते आहे, जेवायला. पुढचे जेवून लिहितो.

जेवलो. शेवग्याची आमटी होती. तू घरात नसलीस की तिच्या हातून शेंगा जास्तच पडतात.

सत्तावीस जून पंच्याहत्तरचा शुक्रवार. तुझ्या बाजूने काय झाले ते तुला ठाऊक आहे, माझ्या बाजूने काय झाले ते लिहितो. दुपारी आपल्या संपादकांनी, आप्पासाहेबांनी, अग्रलेख लिहिला. तो माणूस कसा होता ते तुला मी काय सांगू! पोरींनी सायकल चालवू नये यावर तीन अग्रलेख लिहिणारा. छप्पन साली नागपुरात आपली लाखो माणसे बुद्धाकडे गेली, त्याची बातमी यांनी तिसऱ्या पानावर चार ओळींत दिली, आणि त्या चार ओळी जुळवल्या मी.  पण पलटणीचा कागद बघून मला खिळ्यांना हात लावू दिला तो याच माणसाने, आणि सतरा वर्षांची असताना तू त्यांच्या अग्रलेखातल्या अकरा चुका काढून पाठवल्यास तेव्हा "ही आगाऊ पोरगी कुणाची?" म्हणत पुढे तुलाच टेबल दिले तेही त्यांनीच. असा माणूस त्या दिवशी सरळ लिहून गेला की जे चालले आहे ते बरे नव्हे. तपासणीच्या साहेबांनी सगळाच अग्रलेख लाल रेघ मारून काढला.  आप्पासाहेबांनी पानाच्या आराखड्यावर त्या जागी चौकोन काढला, आत काहीच लिहिले नाही, आणि छातीत कळ आली म्हणून घरी गेले.

तू आत आलीस. भिंतीवर तू चिकटवलेले ते पाच ओळींचे कात्रण होते. त्याच फेब्रुवारीत आलेले, टांग्याचे. सरकारच्या धाकाने जाहिरातदार पळाले तर त्या पेपराने जाहिरातींच्या जागा कोऱ्याच छापल्या, आणि वाचक आपापली नाणी घेऊन आले, दोन-दोन ओळी लिहून त्या जागा भरू लागले. ते कात्रण मीच तुला आणून दिले होते. त्याच्याकडे बोट दाखवून तू म्हणालीस, "आबा, कोरंच सोडायचं. आप्पासाहेबांचा शब्द हाय."

कोरे सोडायलाही शिसे लागते हे बाहेरच्या माणसाला माहीत नसते. आत तेवढे वजन बसवले नाही तर शेजारचे खिळे ढासळतात. दोन रकाने भरून कोरे शिसे आपल्याकडे कधी लागलेच नव्हते. खिळे ठेवायच्या सगळ्या खणांतून गोळा करून मी तुझ्यासमोर बसवले. प्रूफ काढले. त्या पांढऱ्या चौकटीशेजारी तू लाल पेन्सिलीने "बरोबर" लिहिलेस, खाली सही केलीस, आणि आप्पासाहेबांना सांगायला त्यांच्या घरी गेलीस. तुझी चाल त्या दिवशी मला तुझ्या आजीसारखी वाटली.

तू गेलीस आणि साहेब परत दारात आले. आत आले नाहीत. म्हणाले, "जागा मोकळी सोडायचा विचार असेल तर तो डोक्यातून काढा. तेही चालणार नाही." मग सहज विचारल्यासारखे, "प्रूफावर सही कुणाची असते?"

आणि मी सांगितले. कुणी बंदूक लावली नव्हती. "आमच्या पोरीची, साहेब. अंजना नाव. बी.ए. हाय." बी.ए. म्हणताना माझी छाती पुढे आली असणार, कारण ते हसले. दर पाहुण्याला सांगायची सवय, तशीच जीभ सुटली. त्यांनी खिशातून डायरी काढून नाव लिहून घेतले, हॉस्टेल का घर तेही विचारले, आणि बाहेर जाऊन रस्त्यापलीकडे जीपशेजारी उभे राहिले. साडेपाच वाजले होते. सहाची एस.टी.

मी पानाचा बांधलेला फर्मा सोडला. कोरे शिसे काढले. गॅलीत कालचे हळदीचे भाव तसेच बांधून ठेवले होते, ते उचलले आणि त्या जागी बसवले. गुंडा म्हणाला, "फोरमन, ही तर कालचीच हळद हाय की!" मी म्हणालो, "छाप रं." सहीच्या प्रूफाशिवाय पान मशीनवर चढवायचे नाही हा आपल्याकडचा पहिला नियम, पोरांना मीच शिकवतो. सहीचे प्रूफ माझ्या सदऱ्याच्या आत होते.

सकाळी सगळ्या सांगलीने अग्रलेखाच्या जागी शिळे भाव वाचले. तू अंक बघितलास आणि माझ्याकडे बघितलेस. मी म्हणालो, रकाना मोकळा दिसला, हाताला भरायची सवय, भरून गेला. गुंडाने मानले, आप्पासाहेबांच्या पुतण्याने, लालासाहेबांनी, मानले. तू मानले नाहीस. आठ दिवसांत साताऱ्याला निघून गेलीस.

खरे एवढेच आहे. उद्याला अजून थोडे आहे, ते आता हातून लिहवत नाही.

मंगळवार, २९ मार्च

काल पत्र टाकले नाही. आधी भामाबाईंकडे, आप्पासाहेबांच्या कुटुंबाकडे, जाऊन आलो. आणि जाण्याचे कारण तुला सांगायला हवे.

त्या हळदीनंतर आप्पासाहेबांनी अग्रलेख लिहिला नाही. पेठेतले अडते त्यांना रस्त्यात थांबवून विचारायचे, "काय आप्पासाहेब, आज भाव काय?" लोक म्हणाले, म्हातारा भ्याला आणि हळदीच्या पोत्यामागे लपला. ती जागा आपण कोरी सोडायला सांगितली होती, हे त्यांनी कुणालाच सांगितले नाही. मलाही एकदाच विचारले, "जोतीराम, हे कसं झालं?" मी "सवयीनं" म्हणालो. ते "बरं" म्हणाले आणि पुतण्याकडे, लालासाहेबांकडे, पेपर सोपवून घरी बसले.

गेल्या नोव्हेंबरात, जायच्या चार दिवस आधी, त्यांनी मला बोलावून घेतले. आवाज पार खोल गेला होता. म्हणाले, "जोतीराम, त्या दिवसाचं प्रूफ आहे का रे तुझ्याकडे? एकदा बघू दे."

मी म्हणालो, "न्हाई साहेब. रद्दीत गेलं."

ट्रंकेत होते, अंजना. हानने निरोपाला दिलेले टांग्याचे पान आहे ना, थंडीसाठी बुटात घातलेले, त्याच्याच घडीत. दहा मिनिटांवर आपले घर. मी आणून दाखवू शकत होतो. तेव्हा मनाशी म्हणालो, आणीबाणी आहे, कागदावर पोरीची सही आहे, कुणाच्या हाती लागले तर? ते खोटे नव्हते. पण ते अर्धेच होते. ते प्रूफ दाखवले असते तर त्यांना कळले असते की मी विसरून नव्हे, ठरवून भरले. मरणाऱ्या माणसासमोरही मला चांगले दिसायचे होते.

त्यांच्या दहाव्याला तू सकाळच्या गाडीने येऊन दुपारच्या गाडीने गेलीस, हे मला नंतर भामाबाईंकडून कळले. छापखान्यापासून हाकेवर त्यांचे घर. त्या दिवशी मी मान खाली घालून जाहिराती जुळवत होतो. तू त्या रस्त्याने गेली असशील आणि मी वर बघितले नाही, हे मनातून जात नाही. अजून रोज त्या वेळेला दाराकडे बघतो. गुंडा विचारतो, "कोन यायचं हाय?" मी म्हणतो, कागदवाला.

भामाबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी उंबऱ्याशी बसून सगळे सांगितले. त्या निवडायच्या थांबल्या नाहीत. मग म्हणाल्या, "त्यांना ठाऊक होतं रे. पोरीपायी केलंस हे त्यांना पहिल्या दिवशीच कळलं. पण तू येऊन सांगशील म्हणून वाट बघत राहिले. प्रूफ मागितलं ते काय कागद बघायला?" मग चहा दिला, कोनाड्यातल्या माझ्या त्याच वेगळ्या कपात. मी प्यालो आणि उठलो. बाहेर येऊन नदीकडे गेलो आणि घाटावर बसून रडलो. पलटणीतून आल्यापासून असा रडलो नव्हतो.

अजून एक. टांग्याची दुसरी बातमी त्याच पंच्याहत्तरच्या मार्चात आली होती, ती मी तुला दिली नाही, चुरगळून टाकली. त्या कोऱ्या जागा छापणाऱ्या पेपरानेच पुढे आपली शंभरावर माणसे कामावरून काढली. मालक वाकले. मला वाटले, तुझा त्या पेपरावरचा जीव उडेल. आता वाटते, तेव्हाच दाखवायला हवी होती. म्हणजे वाकणारी माणसे बघायची तुला थोडी सवय झाली असती, आणि माझ्या वेळी तू एवढी मोडून गेली नसतीस.

मी भ्यालो होतो, पोरी. तुझ्यासाठी भ्यालो आणि माझ्यासाठीही भ्यालो. तुला धरून नेतील या भीतीने मी ते केले आणि तू तशीही गेलीस. फरक एवढाच की तुरुंगात असतीस तर भेटायला तरी आलो असतो.

आज लालासाहेबांना सांगून मी एक मजकूर जुळवला आहे. अग्रलेखाच्याच जागी, तेवढ्याच दोन रकान्यांत. ते म्हणाले, "फोरमन, यात अब्रू तुमचीच जाणार." मी म्हणालो, व्हय, म्हणूनच मी जुळवतो. मजकूर असा:

"दि. २८ जून १९७५ च्या अंकात या जागी हळदीचे भाव छापले गेले. ही जागा कोरी ठेवावी असा संपादक आप्पासाहेबांचा आदेश होता. ते भ्याले नव्हते. जागा भरली ती मी, फोरमन जोतीरामने, जाणूनबुजून."

त्याच्या खाली राहिलेली सगळी जागा कोऱ्या शिशाने भरली आहे. तेच शिसे, परत गोळा केले. सुटे करताना बघितले, बोटाला तसेच गार लागते.

नानासो गुरुजी प्रूफ घ्यायला आले होते, त्यांना मी दिले नाही. दोन प्रूफे या पाकिटात आहेत. एक जुने, तुझ्या "बरोबर"चे. ते तुझेच आहे, ठेव किंवा फाड. दुसरे आजचे. ते वाच. चूक असेल तर लाल कर, मजकुरात मी कुठे स्वतःला सांभाळून घेतले असेल तर तेही काट. सही करून पोस्टाने पाठवलीस तरी चालेल. चौदा एप्रिल जवळ आली आहे, वस्तीत मंडप पडेल, तुझ्या आईने तुझे पांढरे पातळ काढून उन्हात टाकले आहे. तू घेऊन आलीस तर मी सहाच्या आधीपासून स्टँडवर असेन.

घाई करू नकोस. फर्मा बांधून पाने लावायच्या दगडावर ठेवला आहे. लालासाहेब विचारतात, कधी छापायचे? मी सांगितले, सहीचे प्रूफ आल्याशिवाय आपल्याकडे पान मशीनवर चढत नाही.

आप्पासाहेब म्हणायचे, शेवटच्या पानाच्या तळाशी ज्याचे नाव, तोच पेपराबद्दल तुरुंगात जातो. म्हणून हे नाव खाली, त्यांच्याच पद्धतीने:

हे पत्र लिहिणार, जुळवणार आणि यातल्या सगळ्या चुकांना जबाबदार,
जोतीराम, तुझा आबा.
प्रूफासाठी थांबला आहे.